मी पुसलेला पिवळा रंग

माझं गिऱ्हाईक गाढ झोपलं की माझं काम सुरू होतं आणि जागं झालं की थांबतं. मी नवजात बाळांचे फोटो काढतो. पाच-सहा दिवसांपासून फार तर बारा दिवसांपर्यंतचं बाळ, मऊ कापडात गुंडाळलेलं, गालाखाली इवलासा हात आणि ओठांवर हसू. असा एखादा फोटो तुमच्याही नात्यात कुणाच्या तरी हॉलमध्ये लावलेला असेल. घाटकोपरला माझा छोटा स्टुडिओ आहे. आधी तिथे पासपोर्टचे फोटो काढायचो, सीझनला लोकांची लग्नं करायचो. गेली दहा-अकरा वर्षं फक्त बाळं, तीही त्यांच्या घरी जाऊन.

लोकांना हे कॅमेऱ्याचं काम वाटतं. प्रत्यक्षात ते झोपवण्याचं काम आहे. चार तासांच्या शूटमध्ये कॅमेरा माझ्या हातात जेमतेम पाऊण तास असतो. उरलेला वेळ पन्नाशी ओलांडलेला मी अनोळखी घरात, भर उकाड्यात पंखा बंद करून, वर रूम हीटर लावून, घामाने निथळत तोंडाने 'शू-शू-शू' करत बसलेला असतो. उघड्या अंगाच्या बाळाला थंडी वाजली की ते उठतं, म्हणून हीटर. एकदा मुलुंडला बाळाऐवजी बाळाचे आजोबा झोपले आणि असे घोरायला लागले की बाळ दचकून उठलं. आजी म्हणाल्या, "यांचाच काढा एक फोटो. टोपलीत मावत नाहीत, पण बघा."

इतकी बाळं झोपवल्यावर झोपेतलं थोडंफार कळायला लागतं. नवजात बाळ दिवसातले बहुतेक तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांनी. ही झोपही दोन प्रकारची. एका झोपेत पापण्यांखाली बुबुळं फिरत असतात, बोटं थरथरतात, चेहरा मध्येच रडका होतो आणि मध्येच हसतो. या हसण्याला आपल्याकडे सटवाई हसवते म्हणतात. डॉक्टर म्हणतात, त्या वेळी मेंदूचं काम जोरात चाललेलं असतं, आतली जोडणी पक्की होत असते. दुसरी झोप शांत. श्वास एका लयीत, हात उचलून सोडला तर लुळा पडतो. मला हवी असते ती दुसरी. त्या झोपेत बाळाला हवं तसं वळवता येतं. पहिल्या झोपेत हात लावला, की भोकाड.

आणि बाळांना शांतता लागते हा तर निव्वळ गैरसमज. पोटात नऊ महिने त्यांनी आईच्या रक्ताची घुसळण आणि हृदयाचे ठोके ऐकलेले असतात. चारकोपला एक बाळ माझ्या सगळ्या युक्त्यांना पुरून उरलं. दीड तास गेल्यावर त्याची मालवणी पणजी आतून ओरडली, "मिक्सर लाव गो, मगे बग कसो झोपता तो!" रोज वाटप वाटताना बाळ स्वयंपाकघरातच निजायचं. मिक्सर लावला आणि दोन मिनिटांत बाळ गुडूप. बंद केला की टुकूटुकू बघायला लागायचं. वाटायचं खोबरं संपलं, मग रिकामाच फिरवला. चौथ्या फोटोला जळका वास आला आणि बाळाचे बाबा धावले, "अगं बंद कर, वाट लागली मिक्सरची!" अल्बममध्ये ते चार फोटो आहेत. नवीन मिक्सर कुणी आणला ते मी विचारलं नाही.

या धंद्यात माझं नाव झालं ते मात्र झोपवण्यामुळे नाही, तर त्यानंतर कॉम्प्युटरवर केलेल्या सफाईमुळे. नवजात बाळाची कातडी फोटोत दिसते तशी नसते. ती सोलवटलेली असते, लालसर चट्टे असतात, नाकावर पांढरे ठिपके असतात. मी ते सगळं पुसतो. मला पुसायची इतकी सवय होती, की घाटकोपरच्याच एका बाळाच्या गालावरची काळी तीटही मी डाग समजून काढून टाकली. आजी फोटो हातात घेऊन स्टुडिओत आल्या.

"तीट कुठंय?"

"आजी, फोटो स्वच्छ केलाय."

"दृष्ट लागू नये म्हणून लावलेली ती! आणि हा फोटो शंभर लोकांच्या मोबाइलवर जाणार. लावा परत."

मी लावली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "डाव्या गालावर होती हो. एवढा मोठा कॅमेरा घेऊन काय उपयोग?"

हा किस्सा मी बरीच वर्षं हसत हसत सांगत असे. तो हसून सांगण्यासारखा आहे असं आता वाटत नाही. त्याचं कारण वाकोल्याचं बाळ. ते सांगायचं म्हणूनच हा लेख लिहायला बसलो आणि इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत राहिलो.

केतकी बाळंतपणासाठी माहेरी, वाकोल्याला आलेली. पहिलाच मुलगा. बाळ सहा दिवसांचं. आदल्या दिवशी पाचवी पुजली होती. मी सकाळी दहाला पोहोचलो, तेव्हा बाळ झोपलेलं होतं. केतकीच्या आई कौतुकानं सांगत होत्या, "फार गुणी आहे हो. काल घरात एवढी माणसं, एवढा गलका, हा ढिम्म हलला नाही. केतकीनं मला वर्षभर जागवलं होतं."

मी हात उचलून पाहिला, लुळा पडला. मनात म्हटलं, आज मजा आहे. शू-शू नाही की हीटरची तीव्रता वाढवणं नाही. उताणं ठेवलं, कुशीवर वळवलं, हनुवटीखाली हात ठेवले, बाळानं कशालाच नाही म्हटलं नाही. नेहमी शूटमध्ये माझी दोन-तीन कापडं ओली होतात. त्या दिवशी एकही झालं नाही. त्याचाही मला आनंदच झाला.

मध्ये केतकी दोनदा उठून आली. एकदा म्हणाली, "दादा, पाजायची वेळ होऊन गेली. उठवू का?"

"झोपलंय तर झोपू द्या. झोपेतच वाढतं बाळ. अजून दोनच फोटो."

दुसऱ्यांदा तिनं वाकून बघितलं. "हा जरा पिवळा वाटतो का हो?"

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. पिवळा होता. खोलीच्या भिंती पिवळ्या, खिडकीला पिवळा पडदा, त्यातून आलेलं ऊन. मी हसलो. "भिंतीचा रंग आहे तो. एडिटिंगमध्ये काढून टाकतो."

तिचा चेहरा सैल झाला. मला तो अजून दिसतो. मी इतकी बाळं पाहिलेला माणूस, मी म्हणतोय म्हणजे ठीक असणार, असं तिला वाटलं. जवळजवळ चार तास ते बाळ न पिता झोपलं होतं. निघताना मी तिला बाळाला उठवून पाजायला सांगितलं. "किती हलवलं तरी डोळेच उघडत नाही," ती हसत म्हणाली. आम्ही सगळेच हसलो.

इथे आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक नव्या मांडणीत पहिला फोटो काढताना मी बाळाशेजारी एक राखाडी कार्ड ठेवतो. खोलीतल्या उजेडानं सगळ्याच गोष्टींवर रंग चढतो. कॉम्प्युटरवर त्या कार्डावर क्लिक केलं की तो चढलेला रंग उतरतो, कार्ड राखाडी दिसतं, पांढरं कापड पांढरं होतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास मी घरी फोटो उघडले. कार्डावर क्लिक केलं. कार्ड राखाडी झालं, कापड दुधासारखं पांढरं झालं. भिंतीचा पिवळा गेला. बाळ पिवळंच राहिलं.

तेव्हाच कळायला हवं होतं. पण हाताला सवय. कातडीतला पिवळा कमी करायची वेगळी पट्टी असते, ती मी सरकवली. थोडा गुलाबी वाढवला. पाच मिनिटांत बाळ गुलाबाच्या पाकळीसारखं झालं. शूट झालं की त्याच दिवशी एक फोटो घरच्यांना पाठवायचा माझा रिवाज आहे. तो पाठवला. वर लिहिलं, 'झोपाळू राजे.'

थोड्या वेळानं केतकीचा मेसेज आला. 'किती गोड! आई म्हणतेय, बघ, फोटोत गुलाबीच आहे. मी उगाच घाबरत होते. सकाळपासून दोनदाच प्यायला, तेही नावाला. अजून झोपलाय राजा.'

माझी बायको मंजू चहा घेऊन आली होती. स्क्रीनवर डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे मी केलेला. तिनं कप ठेवला.

"जुळी आहेत का रे?"

"नाही गं, एकच आहे. हा आधीचा, हा नंतरचा."

"मग खरा कुठला?"

 ती वाकून डाव्या फोटोकडे बघत राहिली. "हे बाळ हळदीत लोळवल्यासारखं दिसतंय. कावीळ आहे का त्याला?"

"खोलीचा रंग आहे," मी म्हणालो आणि म्हणतानाच माझी नजर त्या कार्डावर गेली. ते स्वच्छ राखाडी होतं.

मला लाज वाटते ती पुढच्या दहा मिनिटांची. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. काय सांगणार? मी खोटा फोटो पाठवला म्हणून? मी डॉक्टर नाही, उगाच बाळंतिणीला घाबरवलं आणि काही निघालं नाही तर? लोक काय लिहितील माझ्याबद्दल? आणि काही निघालं तर? सकाळी ती विचारत होती आणि मी हसलो होतो, हे तर तिला आठवणारच.

"अरे, त्यांना फोन कर," मंजू म्हणाली.

"करतो."

"करतो काय? तू हसं होण्याला घाबरतोयस ना? हो हसं. कर."

मी फोन केला. केतकीच्या आईनं घेतला. मी म्हटलं, बाळाचा फोटो मी पाठवला तो रंग बदलून पाठवलाय, बाळ खरंच पिवळं आहे, आजच डॉक्टरांना दाखवा.

"अहो, तुम्ही फोटोवाले की डॉक्टर? सोमवारी डॉक्टरांनी बोलावलंयच. तोवर सकाळचं कोवळं ऊन दाखवू. आमच्या सगळ्यांना तेच दाखवलेलं."

"काकू, त्याला आत्ता उठवून बघा. उठतो का?"

पलीकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग दोघींचे आवाज. तळपायाला टिचक्या मार, ओलं फडकं लाव, कपडे काढ. मी ऐकत होतो. रडण्याचा आवाज यायची वाट बघत होतो. आयुष्यभर बाळाच्या रडण्याला घाबरलेला मी, तेव्हा कान लावून बसलो होतो. आला तो एक बारीक कुरकुरीसारखा आवाज, आणि तोही विझला.

केतकी फोनवर आली. "दादा, मूळ फोटो पाठवा." एवढंच.

मी पाठवला. कार्डासकट, काही न करता. मग स्कूटर काढली आणि कुर्ल्यातून वाकोल्याला गेलो. बाळ ज्या नर्सिंग होममध्ये जन्मलं होतं, तिथेच घरचे त्याला घेऊन गेले होते. केतकीचा नवरा नीलेश ऑफिसमधून परस्पर आला होता. मी जिन्यात उभा राहिलो. वर जायला धीर होईना, काकूंनी हाक मारली तेव्हा गेलो.

रक्त तपासलं. कावीळ वाढली होती. त्याच संध्याकाळी बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. डॉक्टरीणबाई खमक्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना एकत्रच समजावलं. पहिल्या आठवड्यात बऱ्याच बाळांना थोडी कावीळ होते आणि बहुतेकांची आपोआप ओसरते. पण ती वाढली की बाळ सुस्त होतं. सुस्त बाळ दूध कमी पितं. दूध पोटात गेलं नाही की शी-शू कमी होते, कावीळ बाहेर पडत नाही आणि आणखी वाढते. मग आणखी सुस्ती. फारच वाढली तर मेंदूला इजा होऊ शकते. "झोप बाळासाठी टॉनिक आहे," त्या म्हणाल्या, "वाढ तिच्यात होते, मेंदू तिच्यात घडतो. पण या दिवसांत दर दोन-तीन तासांनी ज्याला भुकेनं जाग येत नाही आणि उठवूनही जे उठत नाही, ते गुणी नाही, ते आजारी असू शकतं. आणि काकू, एवढ्या काविळीला कोवळं ऊन पुरत नाही."

"वेळेत आलोय ना?" नीलेशनं विचारलं.

"आलाय. सोमवारपर्यंत थांबला असतात तर मी असं हसून बोलत नसते."

काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "यांनी फोन केला म्हणून." डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "छान केलंत." आता मला हे असह्य झालं. केतकी बाकावर बसली होती. तिच्यासमोर उभं राहून मी सगळं सांगितलं. तुम्ही सकाळी विचारलं तेव्हा मला नीट बघायला हवं होतं. पाजायला उठवू दिलं नाही ते माझ्या फोटोंसाठी. तो गुलाबी रंग मी भरला. फोन करायला दहा मिनिटं लावली.

नीलेश माझ्याकडे बघत राहिला. "यार, काय माणूस आहात तुम्ही," एवढंच म्हणाला. ते कुठल्या अर्थानं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

 मग केतकी म्हणाली, "दादा, तुमच्याकडे याचा उघड्या डोळ्यांचा एखादा फोटो आहे का? आता त्या दिव्यांमुळे डोळ्यांवर पट्टी लावलीय. मला आठवतच नाहीयेत त्याचे डोळे. परवापासून त्यानं धड उघडलेच नाहीत."

मी बाकावरच खांद्यावरच्या बॅगेतून कॅमेरा काढून सगळे फोटो तपासले. जवळजवळ तीनशे फोटो होते. एकातही डोळे उघडे नव्हते. "नाही," मी म्हणालो. त्या दिवसातलं सगळ्यात जड वाक्य ते होतं.

दोन दिवस मी स्टुडिओ उघडून नुसता बसलो. जुने अल्बम काढून चाळले. एवढी बाळं गुलाबी केली, त्यात कितींची कावीळ मी पुसली असेल? बहुतेक सगळी ठणठणीतच असतील, डॉक्टर म्हणाल्या तशी आपोआप ओसरली असेल. पण मला माहीत नाही, आणि आता कळणारही नाही. आणखी एक गोष्ट डाचायला लागली. एका घरात मी पोटावर झोपलेल्या बाळाचा फोटो काढून दिला होता. सांभाळायला माझा हात त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता, तो मी नंतर पुसला. पुढे त्या घरी गेलो, तर बाळाला मऊ गादीवर, चारी बाजूंनी उशा लावून पालथं निजवलेलं. "तुमच्या फोटोतल्यासारखं," आई कौतुकानं म्हणाली. बाळाला झोपवायचं ते उताणं, कडक गादीवर, आजूबाजूला काही न ठेवता, हे मला ठाऊक होतं. मी तिला तेव्हा सांगितलंही. पण फोटोतून पुसलेला हात कुणाला दिसणार? त्यानंतर पालथ्या बाळाचा फोटो मी काढत नाही. गिऱ्हाईक रुसलं तर रुसू दे.

कामाची पद्धतही बदलली. दारात शिरल्यावर पहिला प्रश्न, शेवटचं कधी प्यायलं? दुसरा, कालपासून लंगोट किती ओले झाले? बाळाला खिडकीशी, पडदा बाजूला सारून, साध्या उजेडात बघतो. शूटमध्ये पाजायची वेळ झाली की कॅमेरा खाली, मग समोर कितीही सुंदर पोझ असो. उठत नसेल तर शूट रद्द आणि आधी डॉक्टर. घरच्यांना पहिला फोटो जातो तो कार्डावर क्लिक केलेला, बाकी काहीही न केलेला. काही जण नाराज होतात. "यात काय केलंत तुम्ही?" असं विचारतात. मी म्हणतो, "यात मी काही केलं नाही, म्हणूनच पाठवला."

बाळाला दिव्यांखाली ठेवल्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास केतकीचा फोटो आला. तिनं तिच्या मोबाइलवर काढलेला. दिवे बंद झाले होते, पट्टी निघाली होती. फोटो हललेला, वाकडा, अर्ध्या भागात नर्सच्या हाताचं बोट. पण बाळाचे डोळे टक्क उघडे होते. काळेभोर, जरासे रागावलेले. तोंड वासून ते कॅमेऱ्यावर ओरडत होतं. कातडी अजून थोडी पिवळसरच होती. खाली तिनं लिहिलं होतं, 'अल्बमच्या पहिल्या पानावर हाच लावायचा. दादा, याला काहीही करायचं नाही.'

मी उत्तर लिहितोय तोवर फोन वाजला. काकू होत्या.

"अहो फोटोवाले, ऐका हे," म्हणाल्या आणि त्यांनी फोन बाळाजवळ धरला. कान फाटेल असं रडणं. मी फोन दूर नेला नाही. मग काकूच ओरडून म्हणाल्या, "काल दुपारपासून कुणाला टेकू दिलं नाही मेल्यानं! दर दोन तासांनी दूध पाहिजे साहेबांना! तुम्हीच ना बाळं झोपवणारे? या आता, झोपवा!"

"नाही जमणार, काकू," मी म्हणालो.

मंजू म्हणते, मी हसत होतो आणि डोळे पुसत होतो. असेन. अल्बम दिला तेव्हा पहिल्या पानावर तोच फोटो होता. हललेला, वाकडा, जरासा पिवळा. मी त्याला हात लावला नाही.